साळुंखे हवालदारांची अठरा घरं

अद्वैत, सई,

परवा अद्वैतचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज इतका खचलेला होता की मला वाटलं घरात काहीतरी झालं. झालं होतं एवढंच, की संगणकावर नवी सिस्टीम चढवताना मध्येच पडदा काळा पडला होता आणि यंत्र पुन्हा उठत नव्हतं. "आजी, दोन तास झाले, नुसता एरर दाखवतोय," तो म्हणाला. मी विचारलं, "जुनी सिस्टीम परत घालता येते का?" पलीकडे मागून सई हसली. आजीला हे कुठून ठाऊक, असं त्या हसण्यात होतं.

मला हे साळुंखे हवालदारांकडून ठाऊक आहे. काल संध्याकाळी अद्वैतचं यंत्र सुरू झालं हे कळलं, बरं वाटलं. पण रात्रभर साळुंखे डोळ्यांपुढून हलले नाहीत, म्हणून सकाळी हे लिहायला बसले आहे. त्यांच्याबद्दल मी तुमच्या आजोबांनाही सगळं सांगितलं नव्हतं.

लग्नानंतर मी साताऱ्याहून सांगलीला आले. गणितात एम.एस्सी. होते, इंग्रजी चांगलं होतं, आणि तेवढ्यावर मला सांगली-आष्टा रस्त्यावरच्या एका लहानशा गणनकेंद्रात नोकरी मिळाली. आसपासच्या तीन साखर कारखान्यांनी मिळून ते काढलं होतं. कोणाचा ऊस कधी लावला, कोणत्या जातीचा, किती महिन्यांचा झाला, हे सगळं यंत्रात घालायचं आणि तोडणीचा क्रम काढायचा, हे त्याचं काम. त्याआधी तोडणी कशी ठरायची ते विचारू नका. ज्याची ओळख त्याचा ऊस आधी. बाकीच्यांचा उभ्याउभ्या वाळायचा, तुरे यायचे. सत्तरीच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. यंत्र कपाटाएवढं होतं. पुण्याच्या कुठल्याशा प्रयोगशाळेने वापरून सोडलेलं. समोर खटक्यांची आणि दिव्यांची रांग, शेजारी कागदी पट्टी वाचणारं एक खोकं, आणि एक खडखडणारा टाइपरायटर.

साळुंखे ते यंत्र चालवायचे. आनंदा साळुंखे. फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होते, म्हणून सगळे हवालदारच म्हणत. बुटके, रुंद, कानांवर केसांचे झुबके. इस्त्रीची खाकी पँट आणि पांढरा सदरा, रोज. खोलीत येताना चपला बाहेर काढायचे, कोपऱ्यातल्या मोरीत कोपरापर्यंत हात धुवायचे, स्वतःच्या पंच्याला पुसायचे आणि मगच खटक्याला बोट लावायचे. मी एकदा म्हटलं, "साळुंखे, देवघर आहे का हे?" तर म्हणाले, "बाई, देवाला हात न्हाई धुतलं तर देव काय बंद पडत न्हाई. ह्ये पडतंय."

इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. अक्षरं लागत, अर्थ लागत नसे. यंत्राची पुस्तकं सगळी इंग्रजी. त्यामुळे दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास मी पुस्तक मराठीत सांगायचे आणि ते ऐकायचे. लिहून घेत नसत. एकदा ऐकलेलं त्यांच्या डोक्यातून जात नसे. महिन्यांनंतर ते मला सांगत, "बाई, तुमी वाचल्यालं तवा, डाव्या पानावर खाली हुतं."

यंत्रावर एक जुना ट्रान्झिस्टर कायम ठेवलेला असे, कुठल्याही स्टेशनवर न लावलेला. मला आधी वाटलं, गाणी ऐकायला असेल. यंत्र चालू झालं की त्याच्या आतल्या धडपडीने ट्रान्झिस्टरमधून घरघर यायची, कधी शीळ, कधी खरखर, आणि साळुंखे नुसत्या आवाजावरून सांगायचे की आता बेरजा चालल्यात, आता याद्या लागतायत, आता हे एकाच जागी फिरायला लागलं. "घाण्याच्या बैलागत फिरतंय बघा. थांबवा." मी दिवे बघून खात्री करायचे. त्यांचं कधी चुकलेलं मला आठवत नाही.

आता तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेव्हाच्या यंत्राला बंद पडल्यावर काहीच सुचत नसे. सिस्टीम कागदी पट्टीवर, भोकांच्या रूपात. पण ती पट्टी वाचायची कशी, हेसुद्धा यंत्राला आधी शिकवावं लागे. ते शिकवायचं हाताने. बारा खटके एका ओळीत, वर किंवा खाली करायचे आणि एक कळ दाबायची. अशा अठरा ओळी. तीन खटक्यांचा एक आकडा, म्हणजे ओळीला चार आकडे. एक खटका चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आणि सांगलीची वीज दिवसात चारदा जायची. गेली की आतलं काही शाबूत राहिलं असेल याचा भरवसा नसे.

माझ्याकडे त्या आकड्यांचा कागद भिंतीवर चिकटवलेला होता. साळुंखे त्याच्याकडे बघतही नसत. तोंडाने काहीतरी पुटपुटत, आणि बोटं चालत. दीड मिनिटात अठरा ओळी. एकदा मी जवळ जाऊन ऐकलं.

"नामू सुतार. मानसं सा, बैल न्हाई, शेरडं तीन, पोरी दोन." खट, खट. "त्येचा भाऊ. सगळं तसंच, पोर एक. थोरलीचं लगीन झालं."

मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

त्यांना लाज वाटली. मग हळूच सांगितलं. पाटणच्या वर कोयनेच्या खोऱ्यात त्यांचं गाव होतं. धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं. गावात नदीपासून भैरोबाच्या देवळापर्यंत एकच आळी, आळीत अठरा घरं. पहिल्या ओळीचे आकडे होते सहा, शून्य, तीन, दोन, आणि नामू सुताराच्या घरात खरोखरच सहा माणसं होती. मग पुढच्या घरांतही त्यांनी आकड्यांप्रमाणे माणसं, बैल, शेरडं आणि पोरी बसवल्या. काही खरी होती, काही घरांत जरा ओढाताण करावी लागली.

"आणि सतराव्या घरात सात बैल?" मी कागद बघून विचारलं.

"त्यो पाटील हुता. त्याला चालत्यात," साळुंखे म्हणाले.

गाव उठलं तेव्हा ते फौजेत सरहद्दीवर होते. आई-बाप कुठल्या छावणीत नेऊन टाकले याचा पत्ता लागेना, म्हणून पेन्शनला दोन वर्षं राहिलेली असताना फौजेतून नाव कापून घेऊन आले. आई सापडली. बाप गेला होता. बदली मिळालेली जमीन नुसता कातळ. बायको आणि आई उंब्रजला मेहुण्याच्या घरी, मागच्या पडवीत राहत. केंद्रातली त्यांची नेमणूक तात्पुरती होती, दर सहा महिन्यांनी नवं पत्र. ते कायम झाले असते तर केंद्रामागची दोन खोल्यांची चाळ मिळणार होती. त्यांना एवढंच हवं होतं. आईला त्या पडवीतून उचलून आपल्या म्हणता येईल अशा दाराआत आणायची. त्या दोन खोल्यांची किल्ली कुठे टांगलेली असते तेही त्यांना माहीत होतं.

केंद्राचे अध्यक्ष आष्ट्याचे अण्णासाहेब. जैन बागायतदार, स्वच्छ धोतर, तोंडाने फटकळ, माणूस वाईट नव्हे. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून त्यांच्या सगळ्या बैठका सकाळी. त्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेने आमचं यंत्र मागितलं होतं. संचालकांपैकी निम्म्यांना ते देऊन टाकायचंच होतं. क्रमाने तोडणी कोणाला आवडते? अण्णासाहेब म्हणाले, "यंत्र जुनं झालंय, तीन कारखान्यांची यादी एका वेळी मावत न्हाई, अशी तक्रार आहे. नवी सिस्टीम येती म्हणताय न्हवं? घाला. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी बैठक आहे, तिथं सगळी यादी काढून दाखवा. दाखवलीत तर केंद्र राहील, हवालदार कायम. न्हाई दाखवली, तर मला बोलायला तोंड न्हाई."

दसऱ्याच्या आठवड्यात मुंबईचे इंजिनिअर आले. दोन दिवस राहून त्यांनी आत जास्तीची स्मृती बसवली, एक कार्ड बदललं, आणि नव्या सिस्टीमची पट्टी आमच्या हातात दिली. तळहातावर मावेल अशी गुंडाळी, फिक्या पिवळ्या कागदाची, शंभर फूट. जाताना दोनदा बजावलं, यंत्र उठवल्याबरोबर पहिलं काम म्हणजे या पट्टीची नक्कल काढा. नवं कार्ड बसल्यामुळे जुनी सिस्टीम आता चालणार नव्हती. परतीची वाट बंद करून ते अष्टमीच्या गाडीने गेले.

सुरुवातीच्या ओळीही बदलल्या होत्या. साळुंखे तो नवा कागद घेऊन खिडकीत बसले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"नामू सुताराच्या घरात सात मानसं झाली बाई. सातवा कुठनं आनू? सगळी गेल्याली मानसं. कुनाला जन्माला घालू आता?"

मी म्हटलं, "कागद बघून लावा की."

"लावीन," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांना सगळं पाठ होतं. सुताराच्या घरी त्यांनी स्वतःच्या बापाला पाहुणा म्हणून बसवला होता.

तो दुसरा दिवस खंडेनवमीचा. तुम्ही हे पाहिलेलं नाही. आपल्याकडे त्या दिवशी ज्याचं जे हत्यार असेल ते पुजतात. शेतकरी नांगर, शिंपी कात्री, फौजी बंदूक. साळुंखेंचा आग्रह असा, की पूजा झाल्याशिवाय नवी पट्टी यंत्रात घालायची नाही. एका दिवसाने काय बिघडणार होतं? त्यांनी यंत्र पुसलं, झेंडूची माळ घातली, नारळ बाहेर पायरीवर फोडला, पाणी आत येऊ नये म्हणून. इतकी काळजी. मग मला म्हणाले, "बाई, हळदीकुंकू तुमच्या हातनं हूं द्या. सवाष्नीचा हात पायजे. आनि कुंकू तेलात कालवा, लोखंडाला कोरडं टिकत न्हाई. पलटनीत आमी तसंच करायचो."

मी तेलात कालवलं. अनामिकेने खटक्यांच्या चौकटीला लावलं, टाइपरायटरला लावलं, पट्टी वाचणाऱ्या खोक्याला लावलं. पट्टीची गुंडाळी पाटावर आडवी ठेवली होती. तिच्या सपाट बाजूवर मी एक ठसठशीत टिकली लावली. मला ती सुंदर दिसली होती, हे आठवतं.

दसऱ्याच्या दुपारी मुहूर्तावर त्यांनी अठरा ओळी लावल्या आणि पट्टी सुरू केली. ट्रान्झिस्टरमधून शीळ आली, पट्टी सरकली, फूटभर गेली असेल आणि थांबली. लाल दिवा. पुन्हा लावलं. या वेळी चार फूट. पुन्हा. दीड फूट.

"ऱ्हाव दे, नवं हाय, बुजतंय," साळुंखे म्हणाले.

शनिवारी, रविवारी, सोमवारी आम्ही ते सोडवत बसलो. खोक्यातला दिवा बदलला. भिंगं पुसली. वीज वरखाली होते म्हणून साळुंखेंनी मोटारींच्या बॅटऱ्या जोडून पाहिल्या. आतली कार्डं एकेक काढून खोडरबराने पाय घासून परत बसवली. अठरा घरांतून किती वेळा गेले असतील त्याची मोजदाद नाही. शेवटी शेवटी पुटपुटणंही थांबलं. मंगळवारी मी मुंबईला ट्रंककॉल लावला. दुसरी पट्टी परदेशातून मागवावी लागेल, दोन महिने धरा, असं उत्तर आलं. अण्णासाहेब डोकावून गेले.

"काय हवालदार, नवं जनावर नुसतं वैरण खातंय, दूध न्हाई?"

"देईल अण्णासाहेब. पान्हा चोरतंय."

"रविवारपर्यंत चोरलं तर खाटकाला द्यायचं की न्हाई?"

साळुंखे हसले. अण्णासाहेब गेल्यावर मोरीपाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिले.

दर वेळी पट्टी जिथे थांबे तिथे मी पेन्सिलने बारीक खूण करत होते. ती माझी सवय. बुधवारी सकाळी खुणा मोजल्या. थांबण्याच्या जागा वेगवेगळ्या होत्या, पण त्यांच्यातली अंतरं विचित्रपणे सारखी. पट्टीच्या सुरुवातीला सुमारे वीतभर, किंवा दोन विती, किंवा तीन. जसजसं आत जावं तशी ती वीत थोडी थोडी आखूड होत होती. गुंडाळीचा वेढा बाहेर मोठा आणि आत लहान असतो. म्हणजे गुंडाळलेली असताना पट्टीच्या एकाच बाजूला काहीतरी झालं होतं, प्रत्येक वेढ्याला.

मी हे सांगितलं. साळुंखेंनी पट्टी उलगडून खिडकीच्या उजेडात धरली. कडेला, वीतवीतभर अंतरावर, एकेक डाग. तिथला कागद तेलाने आरपार दिसत होता. यंत्र पट्टीवर उजेड टाकून भोकं ओळखायचं. तेलकट कागदातून उजेड गेला की नसलेलं भोक त्याला दिसे. प्रत्येक रांगेत भोकं समच असायची असा नियम, एक जास्त झालं की ते थांबायचं. कधी उजेड पुरेसा जाई, कधी नाही, म्हणून जागा बदलत.

डागांच्या कडेला फिकट गुलाबी रंग होता.

बाहेर उसाची पहिली गाडी कुरकुरत गेली. मग साळुंखे म्हणाले, "तेलात कालवा म्हनून मीच म्हनालो."

इथे मला तुम्हाला जे सांगायचं आहे ते असं. यंत्राच्या पुस्तकात, पट्टीच्या प्रकरणात, पहिल्याच पानावर एक वाक्य होतं. पट्टीला तेल किंवा कुठलाही स्निग्ध पदार्थ लागू देऊ नये. महिन्यापूर्वी दुपारी मी ते प्रकरण साळुंखेंना सांगितलं होतं, आणि ते वाक्य गाळलं होतं. पट्टीला तेल कोण लावेल, एवढं काय सांगायचं, असं वाटलं. सांगितलं असतं तर ते विसरले नसते. त्यांनी मला कुंकू तेलात कालवू दिलं नसतं.

मी हे त्यांना त्या बुधवारी सांगितलं नाही. नंतरही नाही.

आधी डागांवर काळी शाई लावून पाहिली. तेलावर शाई धरेना, नुसते थेंब होऊन घरंगळायची. खडूची पूड लावली, टीपकागद ठेवून गरम इस्त्री फिरवली, कागद करपून कडक झाला आणि एका जागी तुटला. तेव्हा साळुंखेंनी इस्त्री बाजूला ठेवली. "डोळ्याला तर दिसतंय न्हवं खरं भोक कुठलं आन खोटं कुठलं? मग आपुनच वाचू."

म्हणजे असं. नव्या कोऱ्या पट्टीचा बोटाएवढा तुकडा घ्यायचा, डागातल्या पाच-सहा रांगा डोळ्यांनी वाचून त्याच्यावर हातपंचाने तशीच भोकं पाडायची, आणि डागाच्या जागी तो तुकडा डिंकाने जोडायचा. असे दीडशे डाग. मी वाचायचे, ते पाडायचे. "वर दोन, रिकामं, एक, रिकामं..." गुरुवार, शुक्रवार, शनिवार. त्यांच्या अंगठ्याला फोड आला, फुटला, त्यांनी फडकं बांधलं. रक्त पट्टीला लागू नये म्हणून अंगठा वर धरून काम करायचे.

शुक्रवारी दुपारी डबा खाताना ते एकदाच म्हणाले, "आईला सांगून ठिवलंय मी. तिनं गाठोडं बांधून ठिवलं असंल. लय घाई तिला."

"मग होईल की," मी म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले, आणि उरलेली भाकरी परत डब्यात ठेवली.

रविवारी सकाळी अकरा संचालक आमच्या खोलीत उभे होते. साळुंखेंनी त्यांनाही चपला बाहेर काढायला लावल्या. हात धुतले. अठरा ओळी लावल्या, या वेळी मोठ्याने, कोण ऐकतंय याची पर्वा न करता. "सुतार, मानसं सात, माझा बापू धरून." कोणीतरी खुसखुसलं. पट्टी सुरू झाली. एक जोड गेला, दहा गेले, पन्नास गेले. थांबली नाही. ट्रान्झिस्टरची शीळ एका सुरात चालली होती. शेवटचं टोक खोक्यातून बाहेर पडलं तेव्हा अण्णासाहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, आणि एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या.

टाइपरायटरवर यंत्र उठल्याची एक खूण उमटायला हवी होती. ती उमटली नाही. दिवे एका जागी गोठून उभे राहिले. ट्रान्झिस्टरमधून काहीच येईना.

साळुंखेंनी कान जवळ नेला. "आत आलंय," ते म्हणाले. "आलंय आत. कुठंतरी एक रांग चुकली आसंल. मला एक दिस द्या."

"बैठक आज आहे हवालदार," अण्णासाहेब म्हणाले. आवाज हळू होता. "उद्या कुणाला दाखवू?"

सगळे चपला घालून वर बैठकीच्या खोलीत गेले. अर्ध्या तासात यंत्र पुण्याला देण्याचा ठराव झाला.

सोमवारी मी दहाला गेले तेव्हा साळुंखे खिडकीत पट्टी धरून बसले होते, जोड आणि काढून ठेवलेले डाग एकेक ताडून पाहत. दुपारी सापडलं. एका जोडात सहाच्या जागी पाच रांगा होत्या. ती रांग मी वाचायची राहिली की त्यांनी पाडायची राहिली, हे आम्ही शोधलं नाही. नवा तुकडा केला, जोडला, वाळू दिला. सव्वातीनला पट्टी गेली आणि टाइपरायटर एकदा खडखडला. कागदावर एक लहानशी खूण. तिन्ही कारखान्यांची यादी एका दमात निघाली, गावं, गट, लागणीचे महिने, सगळं क्रमाने. साळुंखे ती वाचत उभे होते. त्यांना आनंद झाला होता असं मला वाटत नाही. हिशोब बरोबर आला की विद्यार्थी जसा पाटी बाजूला ठेवतो, तसा त्यांनी कागद ठेवला.

मी आष्ट्याला फोन केला. अण्णासाहेब म्हणाले, "बरं झालं बाई. चालू यंत्र दिलं म्हणजे पुण्यावाल्यांची कुरकुर न्हाई."

अहवाल मला लिहायचा होता. बिघाडाचं कारण, या रकान्यापाशी मी थांबले. साळुंखे मागे उभे होते. "लिवा की," ते म्हणाले. "हवालदाराच्या हातनं पट्टीला तेल लागलं. तुमाला नोकरी करायची हाय अजून. तुमी इंग्रजी शिकल्याल्या, तुमाला कुटंबी लागंल, पर वर डाग कशाला?"

मी तसं लिहिलं. माझ्या अक्षरात, सुवाच्य. नाहीतर तरी त्यांची नेमणूक वाचली असती का? नसती. केंद्रच राहिलं नाही. पण ते वाक्य खोटं होतं, आणि त्याखाली त्यांनी सही केली. महिनाअखेरीला यंत्र लाकडी पेट्यांत भरलं. प्रत्येक तार सोडवून साळुंखेंनी तिला मराठीत चिठ्ठी बांधली, कुठली कुठे लागते ते. पुण्यात ती कोण वाचणार होतं देव जाणे.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. पुढच्या वर्षी माहेरी साताऱ्याला निघाले होते. एस.टी. उंब्रजला थांबली. रस्त्यापलीकडे पंक्चरचं दुकान होतं, त्यांच्या मेहुण्याचं असावं. साळुंखे पाण्याच्या घमेल्यापाशी उकिडवे बसले होते. मी खिडकीतून हाक मारली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग ओळखलं, आणि ओले हात पँटला पुसत आले. पँट खाकीच होती, इस्त्री नव्हती.

"बाई! साताऱ्याला व्हय?"

"हो. आई कशा आहेत?"

"गेली. संक्रांतीला." मग लगेच, जणू तेच विचारायला इतके दिवस थांबले होते, "यंत्र चालू हाय का वं पुन्याला?"

यंत्राचं तिथे काय झालं ते मला कोणीतरी सांगितलं होतं. चालू आहे म्हणावं असं मनात आलं. पण त्या माणसाशी आणखी एक खोटं बोलणं मला जमलं नाही.

"पेट्या उघडल्याच नाहीत अजून. गोदामात आहेत."

त्यांनी मान हलवली. खिडकीच्या गजावर हात ठेवला. कंडक्टरने घंटी मारली.

"मग उंदरं लागत्याल," ते म्हणाले. "तारांची सालं खात्यात ती. डांबराच्या गोळ्या टाकाया सांगा त्यास्नी. लिवा एक पत्र. इंग्रजीत लिवा."

मी लिहिलं. उत्तर आलं नाही.

गाडी निघाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. साळुंखे परत घमेल्यापाशी बसले होते. ट्यूब पाण्याखाली दाबून धरली होती, आणि हवा कुठून जाते ते खाली वाकून बघत होते.